पहिल्या डिस्कचा घोळ

त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहिलं. वाचनालयात शिपायापासून प्रमुख बाईंपर्यंत सगळे त्याला 'झालंच' म्हणत. कुणी दारात उभं राहून विचारलं, "माझं मशीन कधी होणार?" की हा मान वर न करता म्हणायचा, "झालंच." मग ते पाच मिनिटांत होवो नाहीतर पाच दिवसांत. बरं, खोटारडा म्हणावं तर तसाही नव्हता. त्याला मनापासून वाटायचं की काम झालेलंच आहे, फक्त तेवढं एक काय ते राहिलंय.

मूळचा तो पुस्तकं बांधणारा. जिन्याखालच्या खोलीत खळ, दोरा, पुठ्ठे आणि एक लोखंडी दाबयंत्र घेऊन त्यानं पंधरा वर्षं काढली. मग वाचनालयात कॉम्प्युटर आले, आणि ते बिघडतातही हे कळायला महिनाही लागला नाही. तेव्हाच्या साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, याचे हात बरे आहेत, यालाच पाठवा शिकायला. आठ दिवसांचं शिक्षण घेऊन तो परत आला तो कॉम्प्युटरवाला होऊन. खोली तीच राहिली. दाबयंत्रही राहिलं, त्यावर आता उघडी मशीनं ठेवली जायची. खळीच्या डब्यात स्क्रू आले.

पण माणूस आतून बांधणीवालाच राहिला. एकदा शिलाई नीट घातली, पुठ्ठा दाबून वाळवला, की ते पुस्तक तीस वर्षं बघायचं नाही. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाची पानं आपोआप सुटत नाहीत. हात लावाल तर बिघडेल, नाही लावलात तर तसंच राहील. यापलीकडे त्याचं काही तत्त्वज्ञान नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्याला त्याची गरजही पडली नव्हती.

आता त्याच्या ताईबद्दल. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. पुढं तिनं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर वाचनालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला लागली. ब्रेलच्या ठिपक्यांच्या पुस्तकावरून बोट फिरवायचं आणि माइकसमोर वाचायचं. गावातली दृष्टी नसलेली माणसं ती पुस्तकं ऐकायची. तिच्या घरी दोन डिस्कचं मशीन होतं. लहान डिस्कवर मशीन चालवणारी व्यवस्था आणि मोठ्या डिस्कवर पुस्तकं. राहायची एकटी, भावाच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. आणि कुणी जिन्यात हात धरायला गेलं तर म्हणायची, "तुम्हाला आधार हवाय का? मग धरा."

अशा बाईला मशीनसाठी दर वेळी भावाची वाट बघावी लागायची. हा यायचा, खाडखाड काहीतरी करायचा, "झालंच" म्हणायचा. ती एक दिवस म्हणाली, "तू नसताना मला हे करता यायला हवं. नाहीतर हे मशीन माझं नाहीच, तुझंच आहे."

हे त्याच्या मनाला लागलं. म्हणून त्यानं तो इन्स्टॉलर केला.

इन्स्टॉलर म्हणजे कोऱ्या मशीनमध्ये सगळी व्यवस्था आत नेऊन मांडणारा प्रोग्रॅम. घर बदलताना सामान लावून देणारा हमालच म्हणा. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, सामान कुठल्या डिस्कवर ठेवू, असे चार प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. सामान, म्हणजे मूळ ऑपरेटिंग सिस्टिम, झालंचनं केलेलं नव्हतं. ते दूरची कुठलीतरी उत्साही मंडळी करत आणि दर वर्षी नवी आवृत्ती फुकट वाटत. त्यानं केला तो हमाल, आणि त्याला वाचा दिली. पहिल्या पडद्यापासून तो बाईच्या आवाजात आपल्या भाषेत बोलायचा. ताईनं त्या आवाजाला 'ती बया' असं नाव ठेवलं, कारण ती फार सावकाश बोलायची. दोनदा ऐकून ताईनं प्रश्नांचा क्रम पाठ केला आणि तिसऱ्यांदा बयेला तोंड उघडू न देता सात कळा दाबून मोकळी झाली. एन्टर, एन्टर, खालचा बाण, एन्टर, एन्टर, खालचा बाण, एन्टर. शेवटच्या एन्टरला ती खुर्चीत मागे टेकायची आणि म्हणायची, "लाव सामान."

ते पाहिलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की घरी येऊन त्यानं बायकोला सातही कळा टेबलावर वाजवून दाखवल्या होत्या.

त्यानंतर वाचनालयाच्या अकरा शाखांतही तोच पेनड्राइव्ह चालू लागला. दर वर्षी मंडळींची नवी आवृत्ती आली की तो ती उतरवून घ्यायचा आणि वर आपला हमाल जसाच्या तसा बसवायचा. आतलं सामान नवं, हमाल जुनाच. सहा वर्षं त्यानं त्यातल्या एका ओळीला बोट लावलं नाही, आणि याचा त्याला भारी अभिमान होता. "सहा वर्षं," तो सांगायचा, "एक अक्षर बदललेलं नाही. याला म्हणतात बांधणी."

त्या वर्षीही नवी आवृत्ती आली. त्यानं पेनड्राइव्ह तयार केला, आपल्या टेबलावरच्या मशीनवर चालवून पाहिला, ठीक चालला. रविवारी ताईला नेऊन दिला. तिनं विचारलं, "काही बदललंय?"

"काही नाही. त्याच सात कळा."

"गुरुवारी करते मग. तोवर हातातलं प्रकरण वाचून होईल."

सोमवारी नदीपलीकडच्या शाखेतल्या बाईंचा फोन आला. या बाई फोनवर कधी नमस्कार करत नसत, थेट तक्रारीला हात घालत.

"तुमचा तो ड्राइव्ह म्हणतोय, डिस्क सापडली नाही."

"मशीन खराब असेल."

"तीन मशीनं आहेत. तिन्ही कालच खोक्यातून काढलीत. तिन्ही खराब?"

"असू शकतात," तो म्हणाला, पण त्यालाच ते पटलं नाही. तो बसनं तिकडे गेला. एक मशीन उघडलं. आत डिस्क होती. नव्या पद्धतीची, मोजपट्टीच्या तुकड्याएवढी, पण होती. त्यानं बोट लावून पाहिलं. आणि इकडे बया शांतपणे सांगत होती की या मशीनमध्ये डिस्क नाही.

"आहे की," तो पडद्याला म्हणाला.

"मी तेच म्हणत होते," बाई म्हणाल्या.

तासाभरानं उलगडा झाला. त्याचा हमाल डिस्कला तिच्या जुन्या नावानं हाक मारत होता. ही नवी पट्टी वेगळ्या नावानं ओळखली जाई. ती गप्प बसणार नाहीतर काय करणार? त्यानं नव्या नावाची एक ओळ घातली, तिन्ही मशीनं लावून दिली आणि "झालंच" म्हणून निघाला. पण बसमध्ये त्याला चैन पडेना. सहा वर्षं आपण हात लावला नाही. आपण काहीच केलं नाही. मग बिघडलं कसं? कपाटातलं पुस्तक उघडावं आणि पानं हातात यावीत, असं झालं होतं. कुणीतरी काहीतरी केलं असणार, असं त्याला राहून राहून वाटत होतं, पण कुणी, ते कळत नव्हतं.

मंगळवारी त्यानं ठरवलं, नवी ओळ घातलीच आहे तर वाचनकक्षातल्या जुन्या मशीनवर एकदा पाहून घेऊ. त्या मशीनमध्ये फोटोंसाठी जास्तीची एक डिस्क बसवलेली होती, सध्या रिकामीच. त्यानं ड्राइव्ह लावला, सात कळा दाबल्या. व्यवस्था लहान डिस्कवर गेली. बरोबर. कशाला कोण जाणे, त्यानं परत एकदा केलं. या वेळी व्यवस्था मोठ्या डिस्कवर गेली.

तो पडद्याकडे बघत बसला. मग चष्मा पुसून परत पाहिलं. मोठ्याच डिस्कवर.

तिसऱ्या खेपेला लहान. चौथ्याला लहान. पाचव्याला मोठी.

आता बघा, मशीन तेच, ड्राइव्ह तोच, कळा त्याच, दाबणारा माणूस तोच. आणि उत्तर मात्र मनाला येईल ते. त्याचं डोकं चक्रावून गेलं. आधी त्यानं वायर बदलली. मग विजेचं बटण बदललं. मग त्याला वाटलं आपण कळा फार जोरात दाबतोय, म्हणून हळू दाबून पाहिल्या. एका कागदावर त्यानं लिहायला घेतलं: सकाळी बरोबर, चहाच्या आधी बरोबर, चहानंतर उलट, खिडकी उघडी असताना बरोबर. कागद भरला पण त्यातून काही निघेना. दुपारी प्रमुख बाई डोकावल्या तेव्हा हा डाव्या हातानं कळा दाबत होता.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हाताला काही नाही."

"मग?"

"तेच कळत नाहीये," तो म्हणाला. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, त्याच्या तोंडून 'झालंच' आलं नाही, तेव्हा त्या काळजीनं परत गेल्या.

घरी बायकोनंही ओळखलं. "अहो, जेवताना तुम्ही एकटेच बोलताय."

"मला सांग, तू कपाटात दोन डबे ठेवलेस, एक पहिला, एक दुसरा. तू हात लावला नाहीस. सकाळी उठून पाहिलंस तर दुसरा पहिला झालेला. काय म्हणशील?"

"तुम्ही हलवले म्हणेन."

"मी नाही हलवले."

"मग तुम्ही विसरलात की हलवलेत," ती म्हणाली आणि ताटं उचलून गेली. या घरात डबे हलवणारा दुसरा कुणी कधी सापडलाच नव्हता.

बुधवारी सकाळी, काहीच सुचेना तेव्हा, त्यानं आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. मंडळींनी नव्या आवृत्तीबरोबर पाठवलेलं पत्रक वाचायला घेतलं. दर वर्षी ते यायचं आणि दर वर्षी तो शेवटची ओळ बघून बंद करायचा. चांगलं लांबलचक होतं. अमक्याचं नाव बदललंय. तमकं काढून टाकलंय, त्याच्या जागी ढमकं वापरा. आवाजाचा भाग नवीन घेतलाय. डिस्कची वाटणी करणारं अवजार आता एक प्रश्न जास्त विचारतं. वाचता वाचता त्याला घाम फुटला. ज्या जमिनीवर आपला हमाल सहा वर्षं निवांत उभा आहे असं तो समजत होता, ती जमीन दर वर्षी कुणीतरी उकरून नव्यानं घालत होतं. यातल्या बहुतेक गोष्टींनी त्याला धक्का लावला नव्हता तो निव्वळ नशिबानं. आणि बाराव्या पानावर ती ओळ होती: मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून यापुढे सगळ्या डिस्क एकाच वेळी जाग्या केल्या जातील, त्यांच्या क्रमावर कुणी विसंबू नये.

त्यानं ती तीनदा वाचली. मग आपल्या हमालाची सहा वर्षांपूर्वीची ओळ उघडली. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: पहिली डिस्क घे.

पूर्वी डिस्क ओळीनं जाग्या व्हायच्या. आधी लहान, मग मोठी, रोज तशाच. आता दोघींना एकदम हाक जायची, आणि जी आधी ओ देईल ती पहिली. कधी ही, कधी ती. खिडकीचा संबंध नव्हता, चहाचा नव्हता. आणि त्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये एकच डिस्क. एकटीच पळणारी पहिलीच येणार. तिथं हे दिसणार तरी कसं होतं?

कोडं सुटल्याचा आनंद त्याला जेमतेम एक श्वासभर मिळाला. कारण दोन डिस्कचं आणखी एक मशीन त्याला आठवलं.

त्यानं फोन लावला. लागेना. ताई वाचायला बसली की फोन काढून ठेवायची. गुरुवार म्हणाली होती, आज बुधवार, असं मनाशी म्हणत तो निघाला. आधी भरभर चालत आणि मग चक्क पळत. बेकरीच्या कोपऱ्यावर एकानं विचारलंही, "काय झालंच, कुठं?" तो पळतच राहिला. मोठ्या डिस्कवर ताईची दोनशेवर पुस्तकं होती. तो दर वर्षाच्या सुरुवातीला त्यांची नक्कल वाचनालयात नेऊन ठेवायचा, म्हणजे तोवरची सुखरूप होती. पण या वर्षातली अकरा पुस्तकं आणि अर्धं बारावं, एवढं सगळं फक्त तिथं होतं.

दार उघडंच होतं. ताई वाचत नव्हती. माइकवर कापड घातलेलं होतं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला रिकामं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"तूच ना?" ती म्हणाली. "धापा कशाला टाकतोस? बस. बरं झालं आलास. ते मशीन घेऊन जा."

"ताई, तू ड्राइव्ह लावलास का?"

"कालच. प्रकरण लवकर संपलं, म्हटलं उरकून टाकू." तिनं चेहरा खिडकीकडे केला. "मशीन छान सुरू झालं. तुझी बया बोलली. पण पुस्तकांचा कप्पा रिकामा आहे. तीनदा पाहिलं."

तो मशीनपाशी गेला. मोठी डिस्क पुसून त्यावर नवं सामान लागलं होतं. अकरा पुस्तकं गेली होती, आणि वर नवं लिहिलं गेल्यामुळे परत काही निघण्यासारखं नव्हतं.

"एक कळ जास्त पडली माझी," ताई म्हणाली. "नाहीतर कमी. बाण दोनदा लागला असेल. मी बयेचं ऐकलंही नाही, नेहमीसारखी घाई. रात्रभर बोटं मोजत बसले होते, पण आता कसं कळणार?" ती थोडं हसली. "बोर्डावर तीस वर्षांत एक फोन चुकीच्या जागी जोडला नाही मी. बोटांचं वय झालं रे. इथून पुढं तूच करत जा. किंवा घेऊनच जा ते. मी वाचेन, कुणीतरी येऊन ध्वनिमुद्रण करून जाईल."

तो उभाच होता. डोक्यात नुसता गोंधळ. पुस्तकांसाठी तो पळत आला होता आणि पुस्तकांहून मोठं काहीतरी गेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्याच्या जिभेवर एक वाक्य येऊन बसलं: असू दे ताई, होतं असं. बोलायला अगदी सोपं. ताईनंच तर वाट करून दिली होती. ती पुढं म्हणालीही, "तुझ्या ड्राइव्हला मी दोष देत नाही. सहा वर्षं एक अक्षर न बदलता चालतोय तो." या वाक्याचा त्यानं सहा वर्षं डंका पिटला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुझी मोजणी बरोबर होती."

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. तू सातच दाबल्यास आणि बरोबर दाबल्यास. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "परत सांग. सावकाश."

त्यानं सांगितलं. नदीपलीकडची मशीनं, वाचनकक्षातला डावा हात, पत्रकाचं बारावं पान. ताई मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, कारण त्याला स्वतःलाही ते नीट सांगता येत नव्हतं.

"म्हणजे तू त्या बयेला म्हणालास, जी आधी बोलेल तिच्यावर सामान ठेव?"

"तसं म्हणालो नव्हतो. पहिलीवर ठेव म्हणालो होतो. पूर्वी पहिली म्हणजे पहिलीच असायची."

"आणि मी ऐकलं असतं तर?"

"तरी तिनं 'पहिली डिस्क पुसते' एवढंच म्हटलं असतं. मीच तसं लिहिलंय."

"अरे गाढवा," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्याला बरं वाटलं. हा तिचा नेहमीचा आवाज होता. "बोर्डावर आम्ही असं केलं असतं, जो आधी वाजेल तो एक नंबर, तर मोठ्या डॉक्टरांचे फोन शवागारात गेले असते. प्रत्येक तारेला तिचा नंबर असतो. ती आज आधी वाजो नाहीतर नंतर, नंबर तिचा तिच्याजवळ. तुझ्या डिस्कांना नंबर नसतो?"

"असतो. कारखान्यातच कोरलेला असतो."

"मग तो का नाही विचारला?"

"गरज पडली नव्हती."

"सहा वर्षांत एकदाही खाली वाकून बघितलं नाहीस, पायाखाली काय चाललंय ते?"

"मी हातच लावला नव्हता ताई. मी काहीच केलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली. मग बराच वेळ ती त्याला बोलत राहिली. अकराही पुस्तकांची नावं तिनं एकेक करून घेतली, कुठलं किती दिवस वाचलं, कुठल्यात घसा बसला होता, तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी ती थांबली, मांडीवरचे हात उचलून तिनं बोटं एकदा उघडमीट केली आणि आपल्याशीच म्हणाली, "म्हणजे मी चुकले नव्हते." तेव्हा त्याला रडू आलं. तिला दिसणार नाही म्हणून त्यानं डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढल्याचं तिला ऐकू गेलंच.

"रड नंतर," ताई म्हणाली. "आधी ते नीट कर. इथं, माझ्यासमोर. तुझ्या त्या खोलीत नको."

त्यानं तिच्याच टेबलावर बसून ओळी बदलल्या. आता बया 'पहिली' म्हणणार नव्हती. ती प्रत्येक डिस्कचा आकार सांगणार होती, तिच्यात किती सामान आहे ते सांगणार होती, आणि तिच्या कोरलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे म्हणणार होती. आणि ते चार आकडे दाबल्याशिवाय काहीही पुसलं जाणार नव्हतं. करता करता त्यानं पत्रक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, मोठ्यानं, ताईला ऐकू येईल असं. तिला निम्मं कळलं नाही, त्यालाही सगळं कळलं असं नाही. पण आवाजाच्या भागाबद्दलचं कलम आलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणून ती यंदा पहिल्या शब्दाआधी अडखळते." त्यानं तेही बघितलं. खरंच अडखळत होती. आवाज जागा व्हायच्या आधीच ती बोलायला लागत होती. इतक्या वेळा चालवून त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो बघत होता, ऐकत नव्हता.

दुपार उतरली तेव्हा त्यानं ड्राइव्ह तिच्या हातात दिला.

"आता सात कळा नाहीत," तो म्हणाला. "अकरा आहेत. कधी एखादा बाण जास्त."

"चार वाढवल्यास."

"हो."

"आणि बयेचं ऐकावं लागणार."

"तेवढ्या एका जागी. हो."

ताईनं नाक मुरडलं आणि खुर्ची पुढं ओढली. तो शेजारी बसला. हात पुढं जाऊ नये म्हणून त्यानं ते मांडीखाली दाबून धरले. पहिल्या खेपेला बयेनं लहान डिस्क आधी सांगितली. ताईनं चार आकडे दाबले, सामान लहानवर गेलं. "परत," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला बयेनं मोठी डिस्क आधी सांगितली. ताईचं बोट कळेवर थांबलं. तिनं मान किंचित कलती केली, पुढचं ऐकलं, खालचा बाण दाबून लहान डिस्कवर आली आणि सावकाश, एकेक करून, तिचे चार आकडे दाबले.

"ही ती जागा," ती म्हणाली. "काल मी इथं होते."

त्यानं मान हलवली, मग लक्षात आलं आणि "हो" म्हणाला.

तिनं आणखी तीनदा केलं. सहाव्या खेपेनंतर खुर्चीत मागे टेकली.

"झालं?" तिनं विचारलं.

तोंडात आलेला शब्द त्यानं गिळला. पुढच्या वर्षी मंडळी काय उकरतील, कशाचं नाव बदलतील, कोण कुणाच्या आधी जागं होईल, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"आजच्यापुरतं," तो म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पत्रक घेऊन येतो. इथंच बसून बघू, तू दाबायचं."

ताई उठली, चाचपत कपाटाशी गेली आणि एक जाडजूड पुस्तक काढून आणलं. गेलेल्या अकरांतलं पहिलं. माइकवरचं कापड काढून तिनं घडी घातली, पहिलं पान उघडून त्यावर बोट ठेवलं.

"तू आता नीघ," ती म्हणाली. "तुझी खुर्ची करकरते, ध्वनिमुद्रणात येते."

तो दारापर्यंत गेला आणि घुटमळला. "आणि मशीन? मघाशी म्हणालीस, घेऊन जा."

"कुणाचं मशीन?" ताई म्हणाली. "माझं आहे ते. इथंच राहील. दार ओढून घे."